फरी गेम बनवायला नोकरी सोडावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी तो थोडक्यात सांगते. वय २७, हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी, साडेपाच लाख शिल्लक. आठ महिने रोज संध्याकाळी गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये एक आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) चालू आहे. त्यात माणसासारखे दोन पायांवर चालणारे बारा जातींचे प्राणी. खेळणाऱ्याने त्यातला आपला निवडायचा, रंगवायचा, त्याला कपडे नि शस्त्रं चढवायची. दोन वर्षांत गेम पूर्ण होईल असा अंदाज. फरी फॅन्डममध्ये, म्हणजे अशा प्राणी-पात्रांच्या चाहत्यांच्या समुदायात, पैसे मोजणारे लोक पुरेसे आहेत का, मार्चमध्ये राजीनामा द्यावा का, आणि घरी हे सगळं कसं सांगावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात बसून बारा वर्षं हेच काम करते आहे. दोन गेम पूर्ण झाले, एक अर्धवट सोडावा लागला, चौथा चालू आहे. माझं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं अमेरिका-युरोपातलं. तेव्हा जे सांगते ते माझ्या अनुभवापुरतं. तुमच्यावर घरभाडं किती, कर्ज किती, आजारपणात पाठीशी कोण, यावर माझं अर्धं उत्तर बदलेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. माणसाची बोली, चाल, स्वभाव असलेली प्राण्यांची पात्रं ज्यांना जिवापाड आवडतात असे हे लोक. त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात झालं. आज पिट्सबर्गच्या अँथ्रोकॉनला एका वर्षी १७ हजारांहून जास्त माणसं जमतात, शिकागोजवळच्या मिडवेस्ट फरफेस्टला डिसेंबरच्या थंडीतही तशीच गर्दी असते. स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांचं या समुदायाशी नातंही जुनं आहे. फरकेडिया हा ऑनलाइन गेम १९९६ च्या डिसेंबरात सुरू झाला, म्हणजे तुमच्या जन्माच्याही आधी. गिऱ्हाईक मिळेल. पण तुमची खरी अडचण ती नाहीच. तुम्ही मनात धरलेला गेम साडेपाच लाखांत मावतो का, हा खरा प्रश्न आहे. आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तो मावत नाही.

का, ते आकड्यांनी दाखवते. एका प्राण्याच्या चालणं, धावणं, वार करणं, मार खाणं अशा दहा हालचाली धरा. प्रत्येकीला आठ फ्रेम, म्हणजे आठ सुटी चित्रं. समोरून, मागून आणि बाजूने अशा तीन दिशा. चौथी दिशा बाजूचं चित्र उलटवून मिळते. म्हणजे एका प्राण्याच्या २४० फ्रेम, बारा प्राण्यांच्या २,८८०. एका फ्रेमला वीस मिनिटं धरली तर ९६० तास. रोज संध्याकाळचे तीन तास मिळत असतील तर ३२० दिवस. तेही नुसत्या उघड्या अंगाचे. कपडे, शस्त्रं, गावं, संवाद, लढाईचा समतोल, सेव्ह फाइल, बग हे सगळं त्यानंतर.

त्यात तुमच्या पात्रांची खास अडचण आहे, जी माणसांच्या गेममध्ये येत नाही. तुम्ही लिहिलंय की तुमचा फर्सोना (स्वतःचं म्हणून घडवलेलं प्राणी-पात्र) तरस आहे, त्याचा डावा कान फाटलेला आणि उजव्या दंडावर पांढरा ठिपका. बाजूचं चित्र उलटवलं की फाटका कान उजवीकडे आणि ठिपका डाव्या दंडावर जाणार. इतर गेममध्ये हे कुणी बघतसुद्धा नाही. फरी खेळाडू पहिल्या मिनिटात बघतो, कारण त्याच्या लेखी ती खूण म्हणजे ते पात्रच. मग चारही दिशा वेगळ्या काढायच्या, म्हणजे ९६० चे १,२८० तास झाले.

शिवाय शेपटी. शेपटी नुसती लावून भागत नाही. ती अंगाच्या मागून उशिरा वळली पाहिजे, नाहीतर ओढलेल्या दोरीसारखी दिसते. शेपटीमुळे अंगरखा मागून फाडावा लागतो, खुर्चीवर बसवलेलं पात्र खुर्चीत घुसतं. कानांमुळे शिरस्त्राण बसत नाही, शिंगं असली की अजिबातच नाही. एक टोपी बारा डोक्यांवर बसवायची तर ती बारा वेळा काढायची. तुम्ही चाळीस वस्तू म्हटल्या आहेत. त्यातल्या दहा जरी डोक्यावरच्या असल्या तरी १२० टोप्या झाल्या.

मी हे असं सोडवते. अंग फक्त तीन प्रकारचं ठेवते: सडपातळ, मध्यम, थोराड. हालचाली तेवढ्या तीनच अंगांच्या काढायच्या. डोकं वेगळ्या थरावर. ते फ्रेमगणिक पुन्हा काढत नाही, चारही दिशांनी एकेकदा काढून नुसतं वरखाली हलवते. शेपटी तिसऱ्या थरावर, तीन-चार हाडांची साखळी घालून. तिचं मागाहून झुलणं इंजिनच करतं. केसांचे रंग आणि पट्टे-ठिपके वेगळ्या मुखवट्याच्या (मास्क) थरांवर ठेवून शेडरने, म्हणजे खेळ चालू असताना रंग भरणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, रंगवते, म्हणजे खेळणाऱ्याला स्वतःच्या फर्सोनाचे रंग लावता येतात. डाव्या-उजव्या खुणा या थरावर ठेवल्या की उलटवतानाची अडचणही तिथेच मिटते. टोप्या मी पूर्णच काढून टाकल्या. गळ्यातले रुमाल, कमरपट्टे, खांद्यावरची झूल ठेवली. एकाही खेळाडूने आजवर टोपी मागितलेली नाही. रंग मात्र सगळ्यांना हवे असतात.

या रंगांपाशी थोडी थांबते, कारण तुमचं पोट त्यावर चालणार आहे. या समुदायातला माणूस पैसे मोजतो तो पात्रासाठी. आपल्या फर्सोनाचं चित्र काढून घेण्यासाठी, त्याचा पोशाख शिवून घेण्यासाठी तो वर्षानुवर्षं बचत करतो. गेममध्ये स्वतःचं पात्र उभं करता आलं तर तो त्याची छायाचित्रं काढून मित्रांना दाखवतो, आणि तीच तुमची जाहिरात. उलट, तुम्हीच घडवलेलं एखादं पक्कं पात्र लोकांच्या मनात बसलं तरी चालतं. लोक त्याची चित्रं काढू लागतात. दोन्हीपैकी एक नीट करा. तुमच्या आराखड्यात दोन्ही आहेत, म्हणून तो एवढा फुगला आहे.

आता ‘दोन वर्षं’ या अंदाजाबद्दल. डीन डॉड्रिल नावाच्या कलाकाराने ‘डस्ट: ॲन इलिजन टेल’ हा गेम जवळजवळ एकट्याने केला. चित्रं, ॲनिमेशन, प्रोग्रामिंग त्याचंच. संगीत, आवाज आणि कथेचा काही भाग इतरांचा. तीन महिन्यांत होईल असा त्याचा अंदाज होता. साडेतीन वर्षांहून जास्त लागली आणि गेम २०१२ मध्ये आला. तेही मधे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं असताना. डेव्हिड रोझेनने शाळेत असताना लढवय्या सशांचा ‘लुगारू’ केला, तो २००५ चा. त्याचा पुढचा भाग ‘ओव्हरग्रोथ’ २००८ मध्ये जाहीर झाला आणि पूर्ण आवृत्ती यायला २०१७ उजाडलं. ‘नाइट इन द वूड्स’ला २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५० हजार डॉलर हवे होते, दोन लाखांच्या वर मिळाले, गेम आला २०१७ मध्ये. ही सगळी कसलेली माणसं होती. माझा पहिला गेम चौदा महिन्यांचा धरला होता, त्याला तीन वर्षं लागली. तेव्हा ‘दोन वर्षं’ असेल तिथे पाच धरा आणि मग पैशांकडे बघा. पुण्यात खोली वाटून घेऊन, आरोग्यविमा भरून महिना पंचवीस हजारांत राहिलात तरी साडेपाच लाख बावीस महिन्यांत संपतात.

मधली वर्षं कशी काढायची, त्याचे या समुदायात तीन रस्ते आहेत. तिन्ही मी चालले आहे.

पहिला कमिशनचा, म्हणजे पैसे घेऊन मागणीप्रमाणे चित्रं काढण्याचा. दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं, रेफ शीट (पात्र पुढून-मागून कसं दिसतं आणि रंग नेमके कोणते ते दाखवणारं पान), टेलिग्रामचे स्टिकर. मी तीन वर्षं सकाळी स्टिकर आणि दुपारी गेम अशी राहिले. पैसा लवकर येतो आणि, मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, लोक तुमच्या हाताला ओळखू लागतात. माझ्या पहिल्या गेमचे सुरुवातीचे बरेचसे खरेदीदार माझेच स्टिकरवाले होते. तोटा एवढाच की दुसऱ्याची शेपटी रंगवून थकलेला हात दुपारी स्वतःच्या गेमला नको म्हणतो. आठवड्याला किती कमिशनं घ्यायची हा आकडा आधी ठरवा आणि भरला की यादी बंद करा.

दुसरा पेट्रिऑनचा, जिथे पाठीराखे दरमहा पैसे देतात. फरी व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रांसोबत वाचायची गेमरूपी कथा) लिहिणारे कितीतरी जण रेनपाय या त्यासाठीच्या इंजिनमध्ये एकेक प्रकरण करतात, दर महिन्याला नवी आवृत्ती पाठीराख्यांना देतात आणि त्यावर जगतात. कथाप्रधान गेमला हे छान बसतं, कारण प्रकरण म्हणजे पूर्ण घास असतो. तुमच्यासारख्या आरपीजीला नाही बसत. तिथे महिन्याचं काम म्हणजे बरेचदा आतली डागडुजी. पाठीराख्यांना दाखवायला काही नसतं. मग माणूस दाखवण्यापुरतं नवं पात्र, नवं गाव जोडत जातो आणि गेम वाढत राहतो. आणखी एक खोल अडचण आहे. गेम पूर्ण झाला की महिन्याचा पैसा थांबतो. कुणी मुद्दाम रेंगाळत नाही, पण संपवण्याची घाई करायला कारणही उरत नाही. माझा अर्धवट राहिलेला गेम याच वाटेने गेला. आता मी पाठीराख्यांना रेखाटनं, कामाची डायरी, संगीताचे कच्चे तुकडे देते. गेम त्यात धरत नाही.

तिसरा आधी पैसे घेण्याचा. किकस्टार्टरवर भारतातून थेट प्रकल्प सुरू करता येत नाही, म्हणून मी इच डॉट आयओ या स्वतंत्र गेमांच्या ऑनलाइन दुकानावर आगाऊ विक्री केली. जास्त पैसे देणाऱ्याचा फर्सोना गावकरी म्हणून गेममध्ये घालीन असं जाहीर केलं. पस्तीस जणांनी घेतलं. कुणाला पंख, कुणाला दोन शेपट्या, एकाला चार हात. प्रत्येकाशी रंगाच्या छटेवरून पाच-सहा निरोप. पाच महिने गेले. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती: इथे पात्रं विकली जातात. एकाने मधेच आपलं पात्र दुसऱ्याला विकलं आणि नव्या मालकाने ते गेममधून काढायला सांगितलं. त्याची चूक नव्हती. मीच काही लिहून घेतलं नव्हतं. आता मी दहाच्या वर घेत नाही, चालतंबोलतं पात्र देत नाही, धर्मशाळेच्या भिंतीवर तसबीर लावते. आणि पैसे घेण्याआधी चार ओळींवर संमती घेते: पात्र तुमचं आहे, या गेमपुरतं कायम वापरायची परवानगी दिली आहे, पुढे विकलंत तरी ही परवानगी टिकेल, माझ्या शैलीत काढताना बारीक फरक होईल. याच्या उलट उदाहरण ‘फ्रीडम प्लॅनेट’चं. ‘सॉनिक’ या गाजलेल्या गेमच्या चाहत्याने केलेला गेम म्हणून त्याची सुरुवात झाली, पुढे पात्रं आणि जग स्वतःचं केलं. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर मागितले २ हजार डॉलर, मिळाले २५ हजारांच्या वर, आणि २०१४ मध्ये गेम बाहेरही पडला. मागणं लहान होतं आणि लोकांना हातात खेळून बघायला काहीतरी होतं.

प्रौढ मजकुराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. या समुदायात तसं काम करणारे आहेत आणि त्याला पैसा मिळतो. मी करत नाही, ही माझी निवड. करणाऱ्यांना एवढंच सांगते की त्याचं नाव, खातं, पान सगळं वेगळं ठेवा, कारण या समुदायात अल्पवयीन मुलंही आहेत. आणि एकाच दुकानावर विसंबू नका. २०२५ च्या जुलैमध्ये पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे इचने प्रौढ मजकुराची सगळी पानं एकदम शोधातून काढली. कित्येकांचं उत्पन्न रातोरात थांबलं.

स्टीम या गेमांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाचा हिशोब थोडक्यात. एका गेमची नोंदणी १०० डॉलर. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीमचा. इचवर किती वाटा द्यायचा ते आपण ठरवतो, न ठरवल्यास १० टक्के. अमेरिकेतल्या विक्रीवर तिकडे कर कापतात. भारत-अमेरिका करविषयक कराराचा लाभ मागून फॉर्म भरला आणि पॅन दिला तर ३० ऐवजी १५ टक्के, आणि त्याचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं. सवलती, परतावे, कर सगळं जाऊन माझ्या खात्यात छापील किमतीच्या निम्म्याहून कमीच येतं. परदेशी पैसा येऊ लागला की निर्यात, जीएसटी आणि एलयूटी (निर्यातदाराने द्यायचं हमीपत्र) या तीन गोष्टी सीएला लगेच विचारा. मी दीड वर्ष उशिरा विचारल्या आणि कागद जुळवताना बेजार झाले.

प्राण्यांबद्दल एक आग्रह. तुमच्या यादीत लांडगा, कोल्हा, हस्की, ड्रॅगन आहेत. तिकडे या चौघांची रीघ आहे. तुमच्या बाराव्या क्रमांकावर तरस आहे, तो पहिला आणा. आपल्याकडे शेकरू आहे, खवल्या मांजर आहे, उदमांजर आहे, सासवडपासून सोलापूरपर्यंतच्या माळरानावरचा तो उंच कानांचा, सडपातळ, भुरा लांडगा आहे, जो तिकडच्या बर्फातल्या केसाळ लांडग्यासारखा मुळीच दिसत नाही. हे प्राणी कसे बसतात, उन्हात कुठे पडून राहतात, मेंढपाळाच्या कुत्र्यांना कसे चुकवतात, हे तुम्ही जाऊन बघू शकता. मी सासवडच्या बाजूला पहाटे काढलेल्या रेखाटनांची वही माझ्या दुसऱ्या गेमची सगळ्यात मोठी पुंजी होती. ते पात्र बघून परदेशातले लोक विचारायचे, हा कुठला प्राणी? मला वाटतं, त्या प्रश्नानेच निम्मी विक्री केली.

तर मार्चमध्ये राजीनामा देऊ नका. त्याऐवजी मार्चपर्यंत तीन प्राणी, एक गाव, चाळीस मिनिटांचा खेळ एवढं पूर्ण करा. पूर्ण म्हणजे मेनू, सेव्ह, आवाज, शेवट यांसकट. ते इचवर फुकट ठेवा. स्टीमवर पान उघडा आणि स्टीमच्या नेक्स्ट फेस्टला, म्हणजे येऊ घातलेल्या गेमांच्या डेमो-महोत्सवाला, तोच डेमो लावा. तो वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो, म्हणून घाईने ती संधी घालवू नका. लोक डेमो संपवतात का, संपल्यावर आपल्या पात्राचं छायाचित्र टाकतात का, हे बघा. विशलिस्टचा, म्हणजे किती जणांनी गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवला त्याचा, आकडा मी बघते, पण ही छायाचित्रं जास्त बघते. ती येऊ लागली आणि कमिशनमधून सलग सहा महिने घरखर्चाचा निम्मा तरी निघाला, तर नोकरी सोडण्याबद्दल बोलू. तेव्हाही साडेपाच लाखांतले दीड लाख वेगळ्या खात्यात ठेवून, ते नाहीतच असं समजून. डेमोला प्रतिसाद आला नाही, तर तुमचे सहा महिने गेले, नोकरी गेली नाही.

तुमच्या नोकरीला कमी लेखू नका, हेही सांगते. टेस्टिंग येणारा माणूस एकट्याने गेम करतो तेव्हा त्याचा गेम पहिल्या दिवशी कोसळत नाही. माझा कोसळला होता.

घरी काय सांगायचं? ‘फरी’ शब्दापासून सुरुवात करू नका, तो समजवता समजवता संध्याकाळ जाते आणि समोरचा इंटरनेटवर भलतंच काहीतरी वाचून येतो. मी आईच्या हातात गेम दिला. तिला कळ दाबता येईना, तर शेजारी बसून मी खेळले आणि ती बघत राहिली. उदमांजराची म्हातारी नदीकाठी नातवाला हाक मारते, तिथे ती म्हणाली, “ही अगदी आपल्या आक्कासारखी करते गं.” मग मी सांगितलं की अशी पात्रं आवडणारे लोक जगभर आहेत, त्यांचे मेळे भरतात, त्यांच्यासाठी मी काम करते. पहिल्या परदेशी पैशाची बँकेची पावतीही दाखवली. बाबांना पावती पटली, आईला म्हातारी.

डेमो तयार झाला की दुवा इथेच टाका, मी खेळून बघेन. आणि पाठवण्याआधी तुमचा तरस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चालवून त्याचा फाटका कान तपासा.